तेलविहिरींचा आम्लोपचार आणि लोहाचा साका

अपरान्ताच्या किनाऱ्यावरील प्राचीन शूर्पारक बंदर म्हणजे आजचे नालासोपारा. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी येथील स्तूपाचे उत्खनन केले आणि या बंदराचा प्राचीन वैभवकाळ पुन्हा उजेडात आला. जुन्या काळी या किनाऱ्याचे लक्ष समुद्रावरून येणाऱ्या गलबतांकडे असे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र समुद्रतळाखाली दडलेल्या संपत्तीने या प्रदेशाचे नाव देशाच्या तेलनकाशावर नेले. मुंबईच्या पश्चिमेस, समुद्रात सापडलेल्या एका मोठ्या वायुक्षेत्राला वसईचे, म्हणजेच पोर्तुगीज काळापासून रूढ असलेले 'बेसिन' हे नाव देण्यात आले. त्या क्षेत्रातील वायू ज्या खडकात साठला आहे, त्या चुनखडकाच्या थरालाही भूवैज्ञानिक याच नावाने ओळखतात.

तेल किंवा वायू सापडला की काम संपले, असा सर्वसामान्य समज असतो. प्रत्यक्षात विहीर खोदून झाल्यावर तिचे आरोग्य वर्षानुवर्षे सांभाळावे लागते. खडकातील सूक्ष्म वाटा बुजतात, उत्पादन मंदावते आणि विहिरीवर उपचार करण्याची वेळ येते. चुनखडकातील विहिरींवर केला जाणारा असा प्रमुख उपचार म्हणजे आम्लोपचार. या उपचारात आम्लाच्या बळाइतकेच महत्त्व एका अगदी साध्या वाटणाऱ्या गोष्टीला आहे. ती गोष्ट म्हणजे लोखंडाचा गंज. तो वेळीच आवरला नाही, तर वाटा मोकळ्या करण्यासाठी सोडलेले आम्लच त्या वाटा पुन्हा बुजवून टाकते.

समुद्रातील चुनखडक

१९५६ साली स्थापन झालेल्या तेल व नैसर्गिक वायू आयोगाने साठच्या दशकात सोव्हिएत तज्ज्ञांच्या सहकार्याने पश्चिम किनाऱ्यालगतच्या समुद्राचे भूकंपीय सर्वेक्षण केले. त्यातून मुंबईच्या वायव्येस सुमारे १६० किलोमीटरवर भूस्तरांचा एक विस्तीर्ण उंचवटा आढळला. 'सागर सम्राट' या खोदाई-मंचाने फेब्रुवारी १९७४ मध्ये तेथे तेल शोधले आणि २१ मे १९७६ रोजी मुंबई हायमधून व्यापारी उत्पादनास प्रारंभ झाला. त्याच वर्षी, मुंबई हाय आणि किनारा यांच्या दरम्यान, वसई क्षेत्राचाही शोध लागला. या क्षेत्राच्या दक्षिण भागातील वायूत हायड्रोजन सल्फाइड हा विषारी घटक मिसळलेला असल्याने तो समुद्राखालील नळाने गुजरातमधील हजिरा येथे नेऊन शुद्ध केला जातो.

मुंबई हायचा प्रमुख तैलधारी थर मायोसीन काळातील, तर वसईचा थर त्याहून जुन्या, इओसीन काळातील चुनखडकाचा आहे. उथळ व उबदार समुद्रातील सूक्ष्म जीवांची कवचे कोट्यवधी वर्षे साचून हे खडक बनले. नालासोपाऱ्याजवळच्या कळंब किंवा राजोडीच्या पुळणीवर मिळणारा शिंपला आणि समुद्रतळाखालील हा खडक यांचे मुख्य द्रव्य एकच, कॅल्शियम कार्बोनेट. शिंपल्यावर लिंबाचा रस पिळला असता बारीक बुडबुडे उठतात. आम्लात कार्बोनेट विरघळते आणि कार्बन डाय-ऑक्साइड वायू बाहेर पडतो. आम्लोपचाराचे सारे तत्त्व या साध्या क्रियेत सामावलेले आहे.

उपचार कशासाठी?

तेल खडकात तळ्यासारखे साठलेले नसते. खडकाच्या सूक्ष्म छिद्रांत व भेगांत ते भरलेले असते आणि त्यांतूनच वाट काढीत ते विहिरीकडे येते. विहीर खोदताना वापरलेला चिखलद्रव, सिमेंटचे कण, पाण्यातून साचणारे क्षार यांमुळे विहिरीच्या भोवतीचा काही सेंटिमीटर ते एखाद-दुसरा मीटर जाडीचा भाग बुजतो. दूरच्या खडकात तेल भरपूर असूनही अखेरच्या या टप्प्यात त्याची वाट अडते. शेताला पाणी देणाऱ्या पाटाचे तोंडच गाळाने भरावे, तसा हा प्रकार होय.

अशा वेळी विहिरीतून हायड्रोक्लोरिक आम्ल खडकात सोडतात. साधारणतः १५ टक्के तीव्रतेचे आम्ल वापरले जाते. अशा एक घनमीटर आम्लात सुमारे २२० किलोग्रॅम चुनखडक विरघळतो. त्यापासून बनणारे कॅल्शियम क्लोराइड पाण्यात सहज विद्राव्य असल्याने ते द्रवाबरोबर वर काढून टाकता येते. आम्ल चुनखडकात सर्वत्र सारखे पसरत नाही. मिळेल त्या वाटेने पुढे घुसून ते वाळवीने लाकूड पोखरावे तशी लांब, फाटे फुटलेली बिळे पाडते. बुजलेला भाग ओलांडून ही बिळे निरोगी खडकापर्यंत पोहोचली की तेलाला नवी वाट मिळते.

ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेतील ओहायो राज्यात हर्मन फ्राश यांनी १८९६ साली या पद्धतीचे एकस्व मिळविले. परंतु आम्ल खडकाबरोबर विहिरीचे पोलादी नळही खात असल्याने तिचा फारसा प्रसार झाला नाही. १९३२ मध्ये मिशिगन राज्यात आम्लात आर्सेनिकयुक्त क्षरणरोधक मिसळून हा उपचार यशस्वी करण्यात आला आणि त्यानंतर तो जगभर पसरला. आर्सेनिकची जागा पुढे सेंद्रिय क्षरणरोधकांनी घेतली. ही द्रव्ये पोलादाच्या पृष्ठावर पातळ थर धरून त्याचे संरक्षण करतात. तथापि क्षरण मंदावले तरी लोहाचा प्रश्न संपत नाही.

लोह येते कोठून?

आम्लात लोह येण्याचे मार्ग अनेक आहेत. आम्ल साठविण्याच्या टाक्या व ते वाहून नेणारे नळ यांना गंज चढलेला असतो. विहिरीत उतरविलेल्या पोलादी नलिकांवर कारखान्यातच बसलेली काळी खपली असते आणि त्यावर खाऱ्या हवेतील गंज चढतो. क्षरणरोधक असूनही पोलादाचा थोडा अंश आम्लात विरघळतोच. काही खडकांत सिडेराइट, क्लोराइट यांसारखी लोहयुक्त खनिजे असतात आणि आम्ल त्यांतूनही लोह सोडविते.

गंजाचा पातळ थर किती लोह देऊ शकतो, हे साध्या हिशेबाने कळेल. समजा, विहिरीतील नलिका २,००० मीटर लांब असून तिचा आतील व्यास ७६ मिलिमीटर आहे. तिचे आतील पृष्ठ सुमारे ४८० चौरस मीटर भरते. त्यावर केवळ एक दशांश मिलिमीटर जाडीचा गंज आहे आणि त्याची घनता पाण्याच्या चौपट आहे, असे धरले तर गंजाचे वजन सुमारे १९० किलोग्रॅम होते. त्यात लोह असते सुमारे १२० किलोग्रॅम. उपचारासाठी २० घनमीटर आम्ल या नलिकेतून सोडले आणि सर्व गंज त्यात विरघळला, तर प्रत्येक लिटर आम्लात ६ ग्रॅम लोह येईल. शिवाय खडकासाठी नेलेल्या आम्लाचा सुमारे सात टक्के भाग गंजावरच खर्ची पडेल.

दोन प्रकारचे लोह

विद्रावातील लोहाची दोन रूपे असतात. द्विसंयुजी लोहास फेरस, तर त्रिसंयुजी लोहास फेरिक असे म्हणतात. ज्या कूपनलिकेच्या पाण्यात लोह असते, तिचे पाणी उपसताना अगदी निवळ दिसते. तेच पाणी घागरीत काही वेळ उघडे राहिले की तांबूस होऊन तळाशी साका बसतो. भूगर्भात प्राणवायू नसल्याने तेथे लोह फेरस रूपात विरघळलेले राहते, हवा लागताच ते फेरिक होते आणि पाण्यात अविद्राव्य असे हायड्रॉक्साइड बनून खाली बसते.

तेलविहिरीत हेच घडते, फक्त तेथे कळीची भूमिका आम्लतेची असते. आम्लता मोजण्याच्या मापास सामू म्हणतात. सामू जितका कमी, तितके आम्ल तीव्र. ताज्या आम्लाचा सामू शून्याच्या आसपास असतो आणि त्यात दोन्ही प्रकारचे लोह सुखाने विरघळलेले राहते. चुनखडकावर आम्ल खर्च होऊ लागले की सामू वाढत जातो. तो २ च्या पुढे गेला की फेरिक लोहाचा साका बसू लागतो आणि ३ च्या थोडे पुढे जाईपर्यंत जवळजवळ सर्व फेरिक लोह विद्रावातून बाहेर पडते. फेरस लोह मात्र सामू ७ च्या वर गेल्याखेरीज अवक्षेपित होत नाही. खडकात संपूर्ण खर्ची पडलेल्या आम्लाचा सामू, त्यात दाबाखाली विरघळलेल्या कार्बन डाय-ऑक्साइडमुळे, साधारणतः ४ ते ५.५ यांच्या दरम्यान थांबतो. म्हणजे फेरस लोह सुखरूप परत येते आणि फेरिक लोह वाटेतच खाली बसते.

हा साका वाळूसारखा कणीदार नसतो. तो बुळबुळीत व फुगीर असून भरपूर पाणी धरून ठेवतो. वरील उदाहरणातील १२० किलोग्रॅम लोह सर्व फेरिक असेल, तर त्यातून धरलेले पाणी सोडूनही सुमारे २३० किलोग्रॅम हायड्रॉक्साइड तयार होईल. आणि हे सारे जमा होते ते नेमके आम्लाने नव्याने पाडलेल्या बिळांच्या टोकांशी. कारण आम्लाची शक्ती तेथेच संपते आणि सामू तेथेच वाढतो. काही प्रकारच्या खनिज तेलांत फेरिक लोह व आम्ल यांच्या संयोगाने डांबरासारखा चिकट गाळही तयार होतो. अशी विहीर उपचारानंतर पूर्वीपेक्षा कमी तेल देऊ लागते आणि मग दोष आम्लाला दिला जातो.

वायूत हायड्रोजन सल्फाइड असेल तर

दक्षिण वसईसारख्या, हायड्रोजन सल्फाइडयुक्त वायूच्या क्षेत्रात हा प्रश्न अधिक बिकट होतो. हा वायू फेरिक लोहाचे रूपांतर फेरस लोहात करतो, ही गोष्ट वरवर पाहता इष्टच. परंतु या क्रियेत मुक्त गंधक तयार होते आणि ते स्वतःच खडकाच्या छिद्रांत अडकते. शिवाय फेरस लोह येथे सुरक्षित राहत नाही. सामू २ च्या आसपास गेला की ते आयर्न सल्फाइडच्या काळ्या साक्याच्या रूपाने खाली बसू लागते. म्हणून लोह फेरस रूपात ठेवले की झाले, हा नियम अशा विहिरींना लागू पडत नाही.

यात कामगारांच्या जिवाचाही प्रश्न गुंतलेला आहे. नळांत व टाक्यांत साचलेल्या आयर्न सल्फाइडवर आम्ल पडताच हायड्रोजन सल्फाइड वायू मुक्त होतो. अल्प प्रमाणात त्याला कुजक्या अंड्यासारखी दुर्गंधी येते. परंतु हवेच्या दहा लक्ष भागांत त्याचे सुमारे १०० भाग झाले की नाकाची संवेदना बधिर होते आणि धोका टळला, असा खोटा भास होतो. प्रमाण ५०० भागांच्या वर गेल्यास थोड्याच वेळात प्राण जाऊ शकतात. म्हणूनच अशा कामाच्या वेळी वायुमापक यंत्रे, श्वसनसाधने आणि वाऱ्याची दिशा दाखविणारी निशाणे अनिवार्य असतात. वास येतो की नाही, यावर तेथे कोणीही विसंबू नये.

नियंत्रणाचे उपाय

पहिला व सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे स्वच्छता. पोलादी तार ओढण्यापूर्वी किंवा पत्र्यावर जस्ताचा थर देण्यापूर्वी कारखान्यांत माल सौम्य आम्लाने धुऊन घेतात. या क्रियेला 'पिकलिंग' म्हणतात आणि औद्योगिक वसाहतींतील कामगारांना ती चांगली परिचित आहे. तेलविहिरीतही हेच करतात. मुख्य उपचारापूर्वी थोडे आम्ल नलिकेतून तळाच्या किंचित अलीकडेपर्यंत नेतात आणि खडकात शिरू न देता गंजासह वर परत आणतात. परत आलेल्या द्रवातील लोहाचे प्रमाण मोजले की नलिका किती अस्वच्छ होती हे समजते. टाक्या धुतलेल्या व अस्तर असलेल्या असणे, ही याच उपायाची दुसरी बाजू होय.

दुसरा उपाय सामू आवरण्याचा. आम्लात असेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधील आम्ल, मिसळले असता ते सौम्य असल्याने सावकाश खर्च होते आणि सामूची वाढ काही काळ थोपवून धरते. तेवढ्या अवधीत द्रव बाहेर काढता येतो. उष्ण विहिरींत मात्र या उपायाचा एकट्याने निभाव लागत नाही.

तिसरा उपाय लोहाला विद्रावातच पकडून ठेवण्याचा. काही सेंद्रिय द्रव्यांचे रेणू खेकड्याने नांगीत पकडावे तसे लोहाच्या अणूला चहूबाजूंनी धरतात. या वर्गाला दिलेले 'चिलेटिंग' हे नावही खेकड्याच्या नांगीला असलेल्या ग्रीक शब्दावरूनच आले आहे. स्वयंपाकघरातील लिंबूफूल, म्हणजे सायट्रिक आम्ल, हे त्यांपैकी सर्वांत परिचित. परंतु त्याची मात्रा जपून ठरवावी लागते. ते गरजेपेक्षा अधिक झाले, तर आम्ल खर्ची पडल्यावर विरघळलेल्या चुन्याशी संयोग पावून कॅल्शियम सायट्रेटचा नवाच साका तयार होतो. 'ईडीटीए' हे द्रव्य लोहाला घट्ट धरते, पण तीव्र आम्लात ते कमी विरघळते आणि निसर्गात त्याचे विघटन सावकाश होते. 'एनटीए' आम्लात अधिक विद्राव्य आहे. अलीकडे सहज विघटन पावणाऱ्या नव्या द्रव्यांचाही वापर वाढला आहे.

चौथा उपाय फेरिक लोहाचे फेरस लोहात क्षपण करण्याचा. त्यासाठी एरिथॉर्बिक आम्ल किंवा त्याचा सोडियम क्षार वापरतात. हे द्रव्य जीवनसत्त्व 'क' चे भावंडच होय. दोहोंतील अणू सारखेच असून केवळ त्यांची मांडणी थोडी निराळी आहे. सिद्धान्ताने एक किलोग्रॅम फेरिक लोहासाठी सुमारे १.६ किलोग्रॅम एरिथॉर्बिक आम्ल लागते. आधीच्या उदाहरणातील १२० किलोग्रॅम लोहासाठी ही गरज सुमारे १९० किलोग्रॅम होईल. नलिका प्रथमच धुऊन घेतली, तर यातील बहुतेक खर्च वाचतो. औषधाआधी पथ्य, हा वैद्यकाचा नियम येथेही तंतोतंत लागू पडतो.

हायड्रोजन सल्फाइडयुक्त विहिरींत केवळ क्षपण पुरेसे नसते. तेथे लोहाला पकडून ठेवणारी द्रव्ये आणि सल्फाइडला बांधून टाकणारी द्रव्ये एकत्र योजावी लागतात.

प्रयोगशाळा ते मंच

कोणते द्रव्य किती वापरावे, याचा एकच ठरीव तक्ता नसतो. त्या त्या विहिरीचे तेल, पाणी, तापमान व खडक यांवर ते अवलंबून असते. म्हणून आधी प्रयोगशाळेत चाचण्या घेतात. विहिरीचे तेल लोहमिश्रित आम्लात घोळवून ते जाळीतून गाळतात आणि चिकट गाळ उरतो का ते पाहतात. खडकाच्या नमुन्यातून आम्ल दाबाने सोडून आधीची व नंतरची पारगम्यता मोजतात. क्षरणरोधक आणि लोहनियंत्रक ही द्रव्ये एकमेकांच्या कार्यात अडथळा तर आणीत नाहीत ना, याचीही खात्री करून घेतात. अशा उत्पादन-तंत्रांच्या संशोधनासाठी १९८४ साली पनवेल येथे तेल व वायू उत्पादन तंत्रज्ञान संस्था स्थापन झाली. नालासोपाऱ्याच्या समोरच्या समुद्रातील विहिरींचे प्रश्न अशा प्रकारे कोकणच्याच भूमीवर अभ्यासले जातात.

समुद्रातील मंचावर चूक महाग पडते. आम्ल, पंप व माणसे जहाजाने न्यावी लागतात आणि पावसाळ्यातील खवळलेल्या समुद्रामुळे कामाचे दिवस मोजकेच मिळतात. आम्ल खडकात गेल्यावर ते वेळेत परत काढणे हेही महत्त्वाचे. विहिरीचा दाब अपुरा असेल, तर नायट्रोजन वायू सोडून द्रव उचलून आणतात. परतीच्या द्रवाचे ठरावीक अंतराने नमुने घेऊन त्यांतील लोह व सामू तपासतात. आत गेलेल्या लोहाच्या तुलनेत बाहेर आलेले लोह फारच कमी असेल, तर उरलेले खडकात बसले, हे उघड आहे. पुढील विहिरीच्या वेळी मात्रा त्यानुसार बदलता येते. परत आलेला आम्लधर्मी द्रव उदासीन करून मगच त्याची विल्हेवाट लावणे, हे अर्नाळा, कळंबपासून वसईपर्यंतच्या मच्छीमारांच्या उपजीविकेच्या दृष्टीनेही अगत्याचे आहे.

जुन्या विहिरींचे मोल

मुंबई हायमधून उत्पादन सुरू झाल्यास २०२६ साली ५० वर्षे होतात. भारत आपल्या गरजेच्या चार-पंचमांशाहून अधिक खनिज तेल आयात करतो. अशा स्थितीत नव्या साठ्यांच्या शोधाइतकेच हाती असलेल्या विहिरी कार्यक्षम ठेवण्यालाही महत्त्व आहे. विहीर जितकी जुनी, तितकी तिची नलिका गंजलेली आणि तितकाच आम्लोपचारातील लोहाचा धोका मोठा. ज्या विहिरींना उपचाराची गरज सर्वाधिक, त्यांच्याच बाबतीत तो बिघडण्याची शक्यता अधिक असते.

या प्रश्नावरील उपाय महागड्या यंत्रांत दडलेला नाही. धुतलेली टाकी, आधी स्वच्छ केलेली नलिका, तपासून ठरविलेली मात्रा आणि परतीच्या द्रवाची काटेकोर नोंद या चार गोष्टींवर आम्लोपचाराचे यश मोठ्या प्रमाणात अवलंबून असते. त्या पाळल्या गेल्या, तर कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या शिंपल्यांनी बनलेला हा चुनखडक आपला साठा अधिक काळ व अधिक सुरक्षितपणे देत राहील.